धणे वगळून

ऑक्टोबरमध्ये मला साधा ताप आला आणि तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी सकाळी मी आले किसून चहा केला, कप तोंडाजवळ नेला आणि थांबले. कपात गरम, गोड पाणी होते. आल्याचा झणका जिभेला लागत होता, पण आले कुठेच नव्हते. मी फ्रीजमधले लिंबू चिरले, मग कॉफीची बरणी उघडली, शेवटी हिंगाची डबी. हिंगाच्या डबीत मी जवळजवळ नाक बुडवले. ज्याला हिंगाचाही वास येत नाही त्याला सर्दी झालेली नसते, दुसरेच काहीतरी झालेले असते.

असे कुणाच्याही बाबतीत होणे वाईटच. माझ्या बाबतीत ते पोटावर पाय आणणारे होते. मी न्यू जर्सीतल्या एका स्वाद बनवणाऱ्या कंपनीत प्रशिक्षणार्थी होते. औषधाच्या बाटलीतले संत्रे, बिस्किटातले व्हॅनिला, चिप्सवरचा परतलेला कांदा हे सारे कुणीतरी प्रयोगशाळेत बसून थेंबाथेंबाने रचलेले असते. रचणाऱ्या माणसाला रसायनशास्त्र यावेच लागते. तेवढ्यासाठी मी मुंबईत एम.एस्सी. आणि इथे पीएच.डी. केली होती. पण या कामात कागदावरच्या पदव्या दारापर्यंतच नेतात. आत गेल्यावर विचारतात ते नाकाला. दीड वर्ष मी रोज सकाळी कागदाच्या पट्ट्या हुंगून वास पाठ करत होते, लहानपणी पाढे केले तसे. डिसेंबरमध्ये आमच्या गटाच्या प्रमुख ठरवणार होत्या की माझे प्रशिक्षण पुढे चालू राहील की मला निरोप मिळेल. माझा व्हिसा त्या नोकरीला जोडलेला होता. निरोप मिळाला तर साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाही तर परतीचे तिकीट काढायचे. हा हिशोब मला तोंडपाठ होता, तसा इथल्या माझ्यासारख्या प्रत्येकालाच असतो.

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिले आणि सांगितले की नाकात अडथळा काही नाही, नस दुखावली आहे. ती भरून येते. काही आठवड्यांत येते, काही महिन्यांत येते. पुढचा पर्याय त्यांनी उच्चारला नाही आणि मीही विचारला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास हुंगत जा, एवढे त्यांनी सांगितले. आला नाही तरी हुंगत जा.

मी ऑफिसात कुणाला काही सांगितले नाही. हा निर्णय मी घाबरून घेतला नाही, उलट तो फार पद्धतशीरपणे घेतला, आणि आज मला त्याचीच अधिक लाज वाटते. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारून डावीकडे ‘सांगितले तर’ आणि उजवीकडे ‘न सांगितले तर’ असे लिहिले होते. डावीकडे एकच ओळ होती: नाक नसलेली प्रशिक्षणार्थी कशाला ठेवतील? उजवीकडे: डिसेंबरच्या आत बरे वाटू शकते. उजवी बाजू जड ठरली. त्या पानावर प्रमुखांना विचारून पाहण्याचा पर्याय मी लिहिलाच नव्हता.

घरी मात्र लपवणे शक्य नव्हते. वेस्ट विंडसरला दोन खोल्यांचे अपार्टमेंट मी आणि ताई वाटून घेत होतो. ताई मूळच्या नागपूरच्या, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, एका बँकेच्या सॉफ्टवेअरचे काम करतात आणि आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने न्यूयॉर्कला जातात. पहिल्या महिन्यात मी त्यांना नावाने हाक मारून पाहिली, पण जीभ वळेना. तेव्हापासून त्या ताई. तापानंतरच्या आठवड्यात मी गॅसवर दूध ठेवून शेजारच्या खोलीत वाचत बसले होते. ताई बाहेरून आल्या, धावत गॅस बंद केला आणि काळे पडलेले पातेले घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“सगळ्या बिल्डिंगला वास सुटला, आणि तू इथं पेपर वाचून राहिली?”

मी सांगितले. त्यांनी पातेले सिंकमध्ये ठेवले.

“तुझ्या बॉसला माहीत आहे?”

“नाही.”

“सांगणार कधी?”

“बरं झाल्यावर.”

“बरं झाल्यावर काय सांगणार बाप्पा, अभिनंदन करा म्हणून?”

नोव्हेंबर मी निभावून नेला. प्रयोगशाळेत निम्मे काम वजन-मापाचे असते आणि ते माझे हात डोळे मिटून करत. पट्ट्यांच्या वेळी मी आधी बाटलीचा रंग पाही, दाटपणा पाही, शेजारच्या सहकाऱ्याचा चेहरा पाही. हा सहकारी ओहायोचा, माझ्याच बरोबर लागलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक वास स्पष्ट उमटतो. महिनाभर मी त्याच्या भुवया वाचून जगले, ग्राहकांच्या नमुन्यांवर सह्याही केल्या.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी तेही संपले.

आमच्या प्रमुख बाई जर्मनीतून तरुणपणी इथे आलेल्या. मनात मी त्यांना बाईच म्हणत असे, शाळेतल्यासारखे. उंच, केस आखूड, बोलणे मोजके, आणि हुंगताना डोळे अर्धवट मिटण्याची सवय. त्यांच्या गटात एक रिवाज होता. दर वर्षी या सुमारास त्या घरून लेबकूखन आणत. लेबकूखन म्हणजे मधात भिजवलेल्या मैद्याचे, मसाला घातलेले, पत्त्याएवढे तपकिरी बिस्किट. त्यांच्याकडे नाताळाच्या आधीचा सगळा महिना घराघरांत ते भाजतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या टेबलावर बटर पेपरात गुंडाळलेले एक बिस्किट आणि एक कार्ड. कार्डावर मध, साखर, मैदा, लोणी, अंडे, सगळे प्रमाणासह लिहिलेले असे. मसाल्याच्या ओळीवर मात्र नुसता डॅश.

“ही माझ्या आईची पाककृती,” बाई म्हणाल्या. “मसाला नाकाने शोधा. यंत्राला हात लावायचा नाही. घरी भाजा आणि तीन आठवड्यांनी सोमवारी आणा. माझ्या आईने खाल्ले तर तिला स्वतःचे वाटले पाहिजे.”

सहकाऱ्याने बिस्किट नाकाशी धरले आणि त्याचे खांदे सैल झाले, कुणी ओळखीचे भेटल्यासारखे. मी माझे नाकाशी धरले. कागदाचा खरखरीत स्पर्श ओठाला जाणवला. बाकी काही नाही.

त्या आठवड्यात मी रोज सकाळ-संध्याकाळ ते बिस्किट हुंगले. त्याचा कोपरा मोडून गरम पाण्यात टाकला आणि वाफ घेतली. एक कण चघळला. गोड, किंचित कडसर, शेवटी हलका चटका. चटका लवंगेचा किंवा सुंठीचा. तो जिभेचा असतो, नाकाचा नसतो, म्हणून तेवढा शिल्लक होता. एवढ्यावर मसाला बांधता येत नाही.

शनिवारी सकाळी मी ऑफिसला गेले. सुरक्षारक्षकाला सांगितले की जुने नमुने तपासायचे राहिले आहेत. आमच्याकडे एक यंत्र आहे; पदार्थातून उडणारा वास ते आत ओढून घेते, त्यातले रेणू एकेक करून वेगळे करते आणि कागदावर शिखरांसारखी रेघ काढते. प्रत्येक शिखर एका रेणूचे, आणि शिखराच्या उंचीवरून त्याचे प्रमाण. मी अर्धे बिस्किट काचेच्या कुपीत घातले आणि बटण दाबले. नियम मी ऐकला नव्हता असे नाही. चाळीस मिनिटे खुर्चीवर बसून मी स्वतःला सांगत होते की हे डोळ्याला चष्मा लावण्यासारखे आहे.

शिखरे उमटली तशी माझी भीती ओसरू लागली. कितीतरी दिवसांनी माझ्या हाती असे काही आले होते जे मला वाचता येत होते. हे दालचिनीचे, हे लवंगेचे. वेलची, जायफळ, सुंठ, संत्र्याची साल. बडीशेपेच्या घराण्यातला एक रेणू होता, पण त्याचा नेहमीचा जोडीदार नव्हता, म्हणजे बडीशेप नव्हे, चक्रीफूल. आणि एक मध्यम उंचीचे शिखर होते लिनालूलचे. हा रेणू पुष्कळ ठिकाणी सापडतो. वेलचीत असतो, संत्र्याच्या सालीत थोडा असतो, धण्यांत भरपूर असतो. मी ते निम्मे वेलचीच्या नावे टाकले, निम्मे संत्र्याच्या, आणि पुढे गेले.

यंत्राची एक खोड असते. रेणू आहे हे ते सांगते. तो कुणाच्या घरातून आला ते सांगत नाही. ते नाकाला कळते. म्हणून दुपारी घरी येऊन उरलेला तुकडा मी ताईंपुढे ठेवला.

“ताई, डोळे मिटून सांगा. जे आठवेल ते सांगा, नाव ओळखायचा प्रयत्न करू नका.”

“मला कशाला परीक्षेला बसवून राहिली?” असे म्हणत त्यांनी तुकडा घेतला, हुंगला आणि खरोखरच डोळे मिटले. “पहिले दालचिनी. मग पानवाल्याकडचा वास. लवंग ना? आमच्या दाताच्या डॉक्टरकडे पण हाच असायचा.”

“बरोबर. पुढे?”

“श्रीखंड.”

“म्हणजे वेलची आणि जायफळ. पुढे?”

त्या बराच वेळ हुंगत राहिल्या.

“हसू नको. धनत्रयोदशीचा नैवेद्य.”

“कुठला नैवेद्य?”

“अगं, धणे-गूळ. आई खलबत्त्यात धणे जाडसर कुटायची, त्यात गूळ. हातावर चिमूटभर ठेवायची. तोच वास आहे हा. मधाच्या मागं उभा आहे.”

मी हसले नाही, पण वहीत लिहिलेही नाही. आमच्या घरी हा नैवेद्य होत नसे. दिवाळीत आई-बाबा दोघेही दवाखान्यात ड्यूटीवर असत आणि फराळ विकत येई. माझ्या डोक्यात धणे म्हणजे आमटी, भरली वांगी, गोडा मसाला. गोड बिस्किटात धणे घालणारी जर्मन आई मला डोळ्यांपुढे आणता येईना.

“गुळामुळे तुम्हाला तसं वाटतंय,” मी म्हणाले. “मध आणि करपवलेली साखर आहे यात. मेंदू एक वास ओळखतो आणि सवयीने जोडीचा दुसरा भरून टाकतो.”

“माझा मेंदू सोड. नाक सांगून राहिलं, धणे आहेत.”

“ताई, गोडात धणे कोण घालतं?”

“मी आत्ता काय सांगितलं तुला?” त्या उठल्या. “मला विचारायचं आणि मग मलाच समजावून सांगायचं. तुला नाक नको आहे, तुला सही पाहिजे.”

लिनालूलचे शिखर माझ्यासमोर कागदावर होते. ताईंचे म्हणणे माझ्यासमोर टेबलावर होते. एकमेकांना न भेटलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, आणि त्या दोघांपेक्षा मी माझ्या सवयीवर अधिक विश्वास ठेवला. विज्ञान शिकलेल्या माणसाने करू नये अशी ही चूक आहे. ती मी केली ती अज्ञानाने नव्हे, घाईने. पीठ मुरवायचे दहा दिवस वजा केले तर पाचच दिवस हातात होते, आणि धणे मान्य केले असते तर वेलची, संत्रे, सगळी प्रमाणे पहिल्यापासून मांडावी लागली असती.

रविवारी मी पहिला घाणा केला. मध आणि साखर मंद आचेवर विरघळवली, लोणी घातले, कोमट झाल्यावर अंडे, मैदा, मसाला. या पिठात बेकिंग पावडर घालत नाहीत. अमोनियाचे एक मीठ घालतात. आपल्याकडच्या जुन्या बेकऱ्यांतही नानकटाईसाठी ते वापरत. भट्टीत त्याचा वायू होऊन उडून जातो आणि बिस्किट खुसखुशीत होते. पीठ खरे तर दहा-बारा दिवस मुरवायचे असते. हा घाणा चाचणीचा होता म्हणून मी एक तास ठेवून लाटला, आणि अननुभवाने जाड लाटला.

दहा मिनिटांनी मी ओव्हनचे दार उघडले.

नाकात काहीतरी घुसले. टोकदार, पांढरे, थेट कपाळापर्यंत. डोळ्यांत पाणी आले. मी मागे सरकले आणि पुन्हा पुढे वाकले. पुन्हा तेच. सात आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या नाकाने बाहेरच्या जगातले काहीतरी आत आणले होते. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि ताईंना हाक मारली. माझा आवाज कसा होता ते त्यांच्या धावत येण्यावरून मला कळले.

“आला,” मी म्हणाले. “मला वास आला.”

ताई दारातच थबकल्या आणि ओढणी नाकाला लावली. “येणारच. मेलेल्यालाही येईल. बिस्किट आहे का बस स्टँडची मागची भिंत?” पण त्या हसत होत्या, आणि माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता. “खरंच आला ना? सांग कसला?”

कसला, याला उत्तर नव्हते. फक्त टोचत होते.

मग आठवले. एखाद्या विद्यार्थ्याला समजावावे इतके स्पष्ट आठवले. नाकात दोन वेगळ्या नसा काम करतात. एक वासाची. दुसरी चेहऱ्याची, जी वेदना, थंडी, जळजळ नोंदवते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणते ती. अमोनिया ही दुसरी नस पेटवतो. पहिली संपूर्ण मेलेली असली तरी अमोनिया कळतो. बेशुद्ध माणसाच्या नाकाशी तो धरतात तो याचसाठी. मला वास आला नव्हता. मला दुखले होते.

मी ओव्हनचे दार लावले आणि ताईंना हे सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी माझा दंड सोडला नाही.

“म्हणजे नाही आला.”

“नाही.”

“मग रडून का राहिली? ते पण अमोनियानंच?”

“हो,” मी म्हणाले.

मी जाड बिस्किटे फेकली, पुढच्या वेळी पीठ पातळ लाटायचे असे वहीत लिहिले, आणि यंत्राच्या शिखरांवरून काढलेल्या प्रमाणाने, धणे वगळून, शेवटचे पीठ भिजवले. दहा दिवस ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मुरत होते. मी दूध घ्यायला फ्रीज उघडे तेव्हा ते दिसे. त्या दहा दिवसांत आईचा दोनदा फोन आला. ती म्हणे, तुझा आवाज बसलाय, वाफ घे. वाफ घेते आहे, असे मी म्हणे, आणि ते खोटे नव्हते.

शेवटच्या रविवारी मी पातळ लाटले, आयताकृती कापले, भाजले, वर साखरेचा पातळ लेप दिला. ताई ट्रेजवळ आल्या, हुंगले आणि म्हणाल्या, “छान आहे. पण ते नाही.” मी त्यांच्याकडे पाठ करून डबा भरत राहिले. अजूनही वेळ होता असे नाही. मुरलेल्या पिठात मागाहून धणे मिसळत नाहीत. पण मी विचारूही शकले असते, ते म्हणजे काय, आणि मी विचारले नाही.

सोमवारी बाईंच्या टेबलावर तीन बशा होत्या: त्यांची, सहकाऱ्याची, माझी. त्यांनी सहकाऱ्याचे बिस्किट मोडले, डोळे अर्धवट मिटले आणि म्हणाल्या, “लवंग तिप्पट झाली आहे. माझ्या आईने तुला स्वयंपाकघरातून हाकलले असते.” तो हसला. “पण मसाल्यातले सगळे जण घरी आहेत. कुणी हरवलेले नाही.”

मग माझे. एकदा हुंगले. तुकडा खाल्ला. पुन्हा हुंगले. मग त्यांनी स्वतःचे बिस्किट हुंगले, आणि परत माझे.

“प्रमाण अचूक आहे,” त्या म्हणाल्या. “वेलची आणि संत्रे थोडी पुढे, पण बाकी सगळे माझ्या आईच्या चमच्याने मोजल्यासारखे.” त्यांनी बिस्किट बशीत ठेवले. “इतके अचूक नाक मी पस्तीस वर्षांत पाहिलेले नाही. आणि या अचूक नाकाला धणे सापडले नाहीत. मध बाजूला केला की सगळ्यांत आधी भेटतात ते धणे.”

सहकाऱ्याने मान खाली घातली. बाईंनी खणातून एक पट्टी काढली, एका बाटलीत बुडवली आणि माझ्यापुढे धरली. बाटलीवरचे नाव त्यांच्या तळहाताखाली होते.

“हे काय आहे?”

पट्टी ओली होती आणि रंगहीन होती. मी सहकाऱ्याच्या भुवयांकडे पाहिले. तो खिडकीकडे बघत होता.

“मला वास येत नाही,” मी म्हणाले. “ऑक्टोबरपासून काहीच येत नाही.”

बाईंनी पट्टी खाली ठेवली. सहकाऱ्याला त्यांनी डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितले. दार लागल्यावर विचारले, “यंत्र?”

“हो. पहिल्याच शनिवारी.”

“मला का नाही सांगितलेस?”

“सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

मला उत्तर ठाऊक आहे असे समजूनच मी ते विचारले होते. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुला वैद्यकीय रजा मिळाली असती. सहा महिने विश्लेषण विभागात बसवले असते. माझे स्वतःचे नाक एकदा चार महिने गेले होते, कुणीतरी मला तसेच बसवले होते.” त्या माझ्या बिस्किटाकडे बघत बोलत होत्या. “आता यंत्राच्या नोंदीत तुझे नाव आहे, माझा नियम मोडल्याचे माझ्यासमोर कबूल झाले आहे, आणि दोन महिने तू ग्राहकांच्या नमुन्यांवर न हुंगता सह्या केल्या आहेस. यातले नाक मला वाचवता आले असते. बाकीचे मला वाचवता येत नाही.”

मी माझ्या वहीतले पान आठवत होते. डाव्या बाजूला एकच ओळ लिहिली होती मी, आणि तीही चुकीची.

निघताना बाईंनी बशीतले माझे बिस्किट परत कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. रागाने दिले असते तर बरे झाले असते. त्यांनी कडा नीट दुमडल्या होत्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नोकरी कागदोपत्री संपली. हे लिहिते आहे तो त्या साठांतला एकेचाळिसावा दिवस. विश्लेषणाच्या, म्हणजे यंत्रापुढे बसण्याच्या, अकरा जागांसाठी मी अर्ज केले. तीन ठिकाणी बोलणे झाले. तिन्ही ठिकाणी विचारले की आधीची जागा का सोडली, आणि तिन्ही ठिकाणी मी खरे सांगितले. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने कौतुकाने मान हलवली आणि नंतर कळवले की जागा भरली गेली. आईला अजून सांगितलेले नाही. वही उघडून पानाच्या मध्ये रेघ मात्र मी आता मारत नाही.

मागच्या रविवारी मी पुन्हा लेबकूखन केले. या वेळी धणे कोरडे भाजून खलबत्त्यात जाडसर कुटले. कुटताना ताई जवळ येऊन उभ्या राहिल्या; त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि मी त्यावर चिमूटभर ठेवले. दहा दिवस मुरवायला माझ्याकडे धीर नव्हता, म्हणून एका दिवसात भाजले. ट्रे बाहेर काढल्यावर मी विचारले, “कसा येतोय?”

ताईंनी हुंगले. “आला,” त्या म्हणाल्या. “मधाच्या मागं होता तिथंच आहे.”

मी एक खाल्ले. गोड, किंचित कडसर, शेवटी चटका.

डॉक्टरांनी सांगितलेले चार वास मी बदलून घेतले आहेत: लवंग, वेलची, दालचिनी, धणे. सकाळी ताई ऑफिसला निघण्याआधी चार डब्या कागदात गुंडाळून, नावे झाकून माझ्यासमोर मांडतात. मी हुंगते आणि सांगते, त्या कागद उलगडून पाहतात. डोळे मिटलेले असतात माझे, त्यामुळे भुवया वाचता येत नाहीत.

आज सकाळी पहिल्या डबीला मी म्हणाले, “धणे.”

कागद उलगडल्याचा आवाज आला. “बरोबर. आला वास?”

“नाही. चारांतून एक निवडलं. एवढं नशिबानंही जमतं.”

त्यांनी डब्या पुन्हा फिरवल्या आणि दुसरी पुढे केली. मी हुंगले. काही आले का? माझ्या लक्षात आले की मी श्वास नाही, स्वतःलाच ऐकते आहे.

“दालचिनी.”

“बरोबर.” ताईंचा आवाज बदलला होता. “ए, दोन झाले.”

दोन लागोपाठ बरोबर येणे सोळांतून एकदा घडते. नुसत्या अंदाजाने घडते. मी हे ताईंना सांगितले. तीन आले तर चौसष्टांत एकदा, आणि तिथे मी विचार करायला तयार झाले असते.

“मग घे तिसरी,” ताई म्हणाल्या. “माझी ट्रेन जाईल.”

तिसरी डबी माझ्या नाकाशी होती. उत्तर देईपर्यंत दोन्ही शक्यता जिवंत होत्या.

“वेलची,” मी म्हणाले.

कागद उलगडला. या वेळी ‘बरोबर’ आले नाही. मग डब्या टेबलावर सरकल्याचा आवाज आला. त्या पुन्हा मिसळायला घेत होत्या.